रविवारी कोळंबी न्यावी की हिल्सा? (मोहन बागान - ईस्ट बंगाल, जाणकारांनी मदत करा)

नेरुळकरीण | मंगळवार, 13 ऑगस्ट 2024, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. प्रश्न खरं तर खाण्याचा आहे, पण पाककृती विभागात टाकला तर लोक रेसिपी देत बसतील म्हणून खेळ विभागात टाकतेय.

आम्ही सीवूड्सला राहतो. वरच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब आहे, त्यांची मुलगी आणि माझी लेक एकाच फुटबॉल कोचिंगला जातात. सकाळी सहाला कोणी सोडायचं आणि कोणी आणायचं हे दोन वर्षं वाटून घेतोय त्यामुळे चांगला घरोबा झालाय. येत्या रविवारी, 18 तारखेला, ड्युरँड कपमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांची मॅच आहे आणि त्यांनी आम्हाला मॅच बघायला आणि जेवायला बोलावलंय. मी आपलं सहज म्हटलं, बौदी (म्हणजे वहिनी), मी कोळंबीचं काहीतरी करून आणते. बौदी इतकी खूश झाली की तिने मला मिठीच मारली. आणि दादा, जे एरवी लिफ्टमध्येसुद्धा आवाज चढवत नाहीत, ते चष्मा काढून म्हणाले, "रविवारी? कोळंबी? माझ्या घरात?" आणि आत निघून गेले.

नंतर लेकीने ज्ञान दिलं. कोळंबी म्हणजे मोहन बागान, हिल्सा म्हणजे ईस्ट बंगाल. बौदी कोळंबीवाली, दादा हिल्सावाले. लग्नाला सोळा वर्षं झालीत आणि अजून डर्बीच्या (म्हणजे या दोन क्लबांच्या मॅचच्या) दिवशी दोघं एका सोफ्यावर बसत नाहीत म्हणे.

तर हे भांडण नेमकं कशाचं आहे आणि मी रविवारी काय घेऊन जाऊ, एवढं सांगा. (आमच्याकडे श्रावण सोमवारपुरताच. सासूबाईंचा पूर्ण महिना असतो, त्यांचं वेगळं शिजतं.)

घोडबंदरचा_गण्या | 10:51

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोपरीकर | 10:58

श्रावणात कोळंबी!! ताई, कोलकात्याची डर्बी राहू द्या, आधी घरची डर्बी सांभाळा.

हाफव्हॉली | 11:10

सोप्पं आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून जे निर्वासित आले त्यांनी ईस्ट बंगाल क्लब काढला. मूळचे कोलकात्याकडचे लोक मोहन बागानवाले. मूळवाल्यांना म्हणतात घोटी आणि तिकडून आलेल्यांना बांगाल. तिकडच्या पद्मा नदीचा हिल्सा प्रसिद्ध म्हणून त्यांचा मासा हिल्सा. विषय संपला.

कळव्याचा_कॉर्नर | 11:14

घोटी म्हणजे इगतपुरीच्या पुढचं घोटी का?

हाफव्हॉली | 11:15

हो. हावड्याला जाणारी गीतांजली घोटीवरूनच जाते, तिथे सगळे उतरून ईस्ट बंगालचं लाल-पिवळं उपरणं फेकून देतात.

बदलीवाला | बुधवार, 14 ऑगस्ट, सकाळी 7:20

हाफव्हॉली, विषय संपला नाही, तुमचं वर्षच चुकलंय. ईस्ट बंगालची स्थापना 1 ऑगस्ट 1920 ची. फाळणीच्या 27 वर्षं आधी. मी बँकेतून बदली होऊन चार वर्षं कोलकात्यात होतो, ऑफिसात रोज डब्याच्या वेळी हाच विषय असायचा म्हणून जरा लांबण लावतो.

मोहन बागान 1889 चा. 1911 ला त्यांनी आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं, 29 जुलैला. अकरातला एकच जण बूट घालून खेळला, बाकी दहा अनवाणी. शिवदास भादुरी कॅप्टन. गोऱ्या पलटणीला अनवाणी पोरांनी हरवलं म्हटल्यावर तो नुसता क्लब राहिलाच नाही, लोकांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं.

आता ईस्ट बंगालची गोष्ट. 1920 च्या जुलैत जोडाबागान नावाच्या क्लबची मोहन बागानशी मॅच होती आणि जोडाबागानने शैलेश बोस नावाचा खेळाडू संघातून काढला. त्यांचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी खूप सांगून पाहिलं, ऐकलं नाही, मग ते क्लब सोडून बाहेर पडले आणि दोन-चार मंडळींना धरून नवा क्लब काढला. पूर्वेकडचा म्हणून वगळला अशी भावना होती, म्हणून नावच ईस्ट बंगाल. म्हणजे मुळात एका माणसाला टीममध्ये घेतलं नाही त्याचा राग. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं जशी फुटतात ना, सेम टू सेम.

दोघांची लीगमधली पहिली भेट 28 मे 1925 ला, कलकत्ता लीगमध्ये, नेपाळ चक्रवर्तीच्या गोलवर ईस्ट बंगाल 1-0. फाळणी नंतर झाली आणि मग लाखो लोक घरदार सोडून आले, कॅम्पात राहिले, त्यांना या शहरात आपलं म्हणायला एक नाव आयतं तयार होतं. क्लब निर्वासितांनी काढला नाही, निर्वासितांनी तो आपला केला. हा फरक मला आमच्या शिपायाने समजावला, आणि समजावताना माझ्या डब्यातल्या कोलंबीकडे बोट करून "हे आमच्या टेबलावर नको" असंही म्हणाला.

मी_अनु | 7:48

गणेशोत्सव मंडळाच्या उदाहरणाला दंडवत. आमच्या चरईत एका गल्लीत तीन मंडळं आहेत, तिन्हींचं मूळ एकाच वर्गणीच्या वहीत आहे.

हाफव्हॉली | 8:05

बदलीवाले काका, मान्य. मी यूट्यूबवर ऐकलं होतं. कान पकडले.

पाचपाखाडीचा_पंच | 8:30

वर जे घोटी-बांगाल चाललंय त्याला थोडा सुरुंग लावतो. मोहन बागानचा सगळ्यात मोठा डिफेंडर गोष्ठ पाल, ज्याला 'चिनेर प्राचीर' म्हणजे चीनची भिंत म्हणायचे, तो फरीदपूरचा. म्हणजे बांगाल. चुनी गोस्वामी जन्मभर मोहन बागानला खेळले, जन्म किशोरगंजचा, तेही आताच्या बांगलादेशात. त्या 1911 च्या संघातसुद्धा बरेच जण मूळचे पूर्वेकडचे होते. आणि ईस्ट बंगालची पुढची फळी, जिला अजून 'पंचपांडव' म्हणतात, वेंकटेश, आप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह. सांगा यात बंगाली कोण? पाचही दक्षिणेकडचे.

चुनी गोस्वामींचं अजून एक. 1962 च्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्ण घेतलं तेव्हा ते कॅप्टन होते, आणि 1971-72 ची रणजी फायनल बंगाल आपल्या मुंबईविरुद्ध खेळलं तेव्हा बंगालचेही कॅप्टन तेच. फायनल अर्थात मुंबईने मारली.

कोपरीकर | 8:41

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

दिवाळ्याचा_नाखवा | 9:15

फुटबालमधलं मला काय कलत नाय पण मासल्यातलं कलतं. ताई, हिल्सा घ्यायच्या फंदात पडू नका. एक तर महाग, त्यात वाशीला येतो तो बहुतेक भरूचकडचा, आणि बंगाली माणूस पहिला घास घेऊनच सांगतो की हा गंगेचा नाय. वर काटे एवढे की तुमची लेक रडेल. आपल्याकडे त्याला पाला म्हणतात. काटे काढत बसलात तर पेनल्टी शूटआऊट पण संपेल.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 31 जुलैला उठलीय पण आमच्याकडची जुनी मानसं नारळी पुनवेला नारल दिल्याशिवाय होडी घालत नाहीत. पुनव 19 ला. म्हंजे तुमच्या रविवारी बाजारात काय मिलेल ते बर्फातलंच.

नेरुळकरीण | 9:40

नाखवा, वाचवलंत. हिल्सा बाद. पण मग दादांचं काय करू?

घोडबंदरचा_गण्या | 9:44

दादांना मशाल द्या. ईस्ट बंगालचं चिन्ह मशाल आहे ना? ठाण्यात मशाल घेऊन फिरायचं म्हणजे जरा जपून.

कळव्याचा_कॉर्नर | 9:47

आणि मोहन बागानचं चिन्ह शिडाची होडी. म्हणजे नाखवा मोहन बागानवाले.

खोपटचा_शिलेदार | 9:52

मशाल वरून आठवलं, परवाच आमच्या नाक्यावर

(हा आणि यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. मशाल, धनुष्य, घड्याळ, तुतारी यांपैकी काहीही इथे चालणार नाही. धाग्याचं काश्मीर करू नका. - व्यवस्थापक)

सीकेपी_सुगरण | 11:20

अगं नेरुळकरीण, उत्तर तुझ्या समोर आहे आणि तू बाजारभर फिरतेयस. सोडे! सोड्याची खिचडी कर.

ऐक. सोडे म्हणजे कोळंबी, म्हणजे बौदी खूश. पण सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि सुकी मासळी, ज्याला ते शुटकी म्हणतात, ती बांगाल लोकांचा जीव की प्राण. घोटी लोक शुटकीच्या वासाने नाकाला पदर लावतात असं माझी बंगाली जाऊ सांगते. एकाच पातेल्यात दोन्ही क्लब. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

बदलीवाला | 11:34

सुगरणताई, शंभर वर्षांत कोलकात्यात हे कुणाला सुचलं नाही.

पाचपाखाडीचा_पंच | 11:40

किंवा बौदी म्हणणार वास येतो आणि दादा म्हणणार ही कोळंबीच आहे. दोघांनाही चिडवणारा एकच पदार्थ.

नेरुळकरीण | 11:52

सुगरण, ठरलं! माहेरून आणलेले सोडे डब्यात आहेत. आज सासूबाईंच्या कानावर घालते.

हिरानंदानी_हेझार्ड | दुपारी 1:15

गाईज, नो ऑफेन्स पण ही रायव्हलरी अजून कोणी बघतं का? आमच्या टर्फवर रात्री अकराला पण रियल-बार्सावरून मारामाऱ्या होतात, मोहन बागानची जर्सी मी आयुष्यात एकाच्याही अंगावर बघितली नाही. शिवाय मॅच एकतर्फी झाल्यात. ईस्ट बंगाल आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आल्यापासून नववा, अकरावा, नववा, नववा. एकदा तर सलग आठ डर्बी हरले होते. याला रायव्हलरी म्हणायचं?

वाशीचा_बांगाल | 1:50

जन्म वाशी, शाळा वाशी, मराठी तुमच्यापेक्षा बरी, पण यावर गप्प बसलो तर बाबा घरात घेणार नाहीत. आठ हरलो हे खरं. पण ती साखळी 12 ऑगस्ट 2023 ला नंदकुमारच्या गोलने तुटली, याच ड्युरँडमध्ये, 1-0. आणि या जानेवारीत सुपर कपमध्ये 3-1 मारलं आणि कप पण जिंकला. बाबा त्या रात्री आईला उठवून सांगत होते, आई म्हणाली मला सकाळी डबा करायचाय.

आणि 1975 ची आयएफए शील्ड फायनल 5-0, ती आमच्या घरात फोटोच्या खाली लिहिलेली आहे.

सानपाडा_मरिनर | 2:10

वाशीच्या बांगालांनी मधलं एक पान फाडलेलं दिसतंय. 12 ऑगस्टनंतर तीन आठवड्यांनी, 3 सप्टेंबर 2023, त्याच ड्युरँडची फायनल, तेच दोन संघ, आम्ही दहा जणांत, पेट्राटोसचा गोल, 1-0. आमचे ड्युरँड 17, तुमचे 16. आणि पाच गोलांचा हिशोब काढायचा तर 25 ऑक्टोबर 2009, 5-3, एकट्या चिडीचे चार.

वाशीचा_बांगाल | 2:13

चिडी कसला, रडी.

सानपाडा_मरिनर | 2:14

:D रविवारी बघू.

मुंब्र्याचा_मिडफिल्डर | 3:30

दोन क्लब, दोन क्लब काय चाललंय, तिसरा कुठे गेला? मोहम्मडन स्पोर्टिंग. 1934 ते 1938 सलग पाच वर्षं कलकत्ता लीग आम्ही जिंकली तेव्हा हे दोघं बघत होते. 1940 ला रोव्हर्स कप जिंकला, तो तर तुमच्या मुंबईत, कूपरेजवर. यंदा आय-लीग जिंकून आयएसएलला आलोय. पण आमच्या नावाचा मासा नाही म्हणून आम्हाला कोणी धाग्यात घेत नाही.

मी_अनु | 3:36

तुमची बिर्याणी आहे की. मासेवाल्यांपेक्षा जास्त मतं मिळतील.

निवृत्त_लेफ्टआऊट | संध्याकाळी 6:45

रोव्हर्सचा विषय निघाला म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

मी ठाण्याचा, राबोडीत वाढलो. सत्तरच्या दशकात मित्रांबरोबर लोकलने चर्चगेटला... नाही, व्हीटीला उतरून चालत कूपरेजला रोव्हर्स बघायला जायचो. लाकडी गॅलरी होती. कोलकात्याचे संघ आले की पार भायखळा, परळपासून बंगाली कारागीर, सोनार काम करणारे, सगळे यायचे. आम्हाला दोघांतलं काही कळायचं नाही पण एका बाजूला बसलं की त्या बाजूचे व्हायचो कारण दुसऱ्या बाजूचं ओरडणं धोक्याचं. 1972 चा रोव्हर्स दोघांना विभागून दिला होता, तेव्हा कुणीच खूश नव्हतं. हरलेले परवडले, अर्धे जिंकलेले फार वाईट.

आता मला विचारायचंय ते वेगळं. आपल्याकडे असं का झालं नाही? फुटबॉल मुंबईत कमी नव्हता. मी स्वतः ऑफिसच्या संघातून हारवूड लीग खेळलो. मफतलाल होतं, ओर्के मिल्स होतं, टाटा, पोर्ट ट्रस्ट, बँका. महिंद्र युनायटेड तर 2005-06 ला देशाची लीग जिंकलं. 2010 ला संघ बंद केला. एक दिवस पेपरात बातमी आली आणि संपलं. आमचे संघ कंपनीचे होते, खेळाडू कामगार, आणि बघणारे तिसऱ्या खात्यातले सहकारी, ज्यांना लवकर सुट्टी मिळायची. मिल बंद तर संघ बंद. तिथे क्लब मेंबरांचा. वर्गणी भरणाऱ्याचा. मैदानात क्लबचा तंबू आहे, तिथे जाऊन सेक्रेटरीला शिव्या घालता येतात. आम्ही शिव्या कुणाला घालणार, पर्सोनेल मॅनेजरला?

बदलीवाला | 7:02

लेफ्टआऊट साहेब, क्या बात. शेवटच्या वाक्यावर चहा सांडला.

हाफव्हॉली | 7:20

हे भारी आहे. आणि अजून ताजं उदाहरण, मुंबई सिटी विरुद्ध एफसी पुणे सिटी, महाराष्ट्र डर्बी म्हणून नुकती कुठे रंगात येत होती. मी डीवाय पाटीलला पहिल्या सीझनपासून जायचो, तेव्हा मुंबई सिटी नेरुळला खेळायची. 2019 ला पुण्याचा क्लबच बंद झाला. आज मुंबई सिटीकडे आयएसएलच्या साखळीत पहिलं आल्याच्या दोन शील्ड, फायनल जिंकल्याचे दोन कप आहेत, मे महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर जाऊन मोहन बागानला फायनलमध्ये 3-1 मारून आलो, पण भांडायला शेजारी कोणी नाही.

सानपाडा_मरिनर | 7:31

ती फायनल काढायची गरज होती का? त्याच्या तीन आठवडे आधी त्याच मैदानावर आम्ही तुम्हाला 2-1 हरवून शील्ड घेतली होती.

शिवाईनगर_स्पिनर | 8:10

असं कसं नव्हतं आपल्याकडे? फुटबॉलमध्ये नसेल. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना! एकीकडे गावसकर, वेंगसरकर, दुसरीकडे वाडेकर, संदीप पाटील. कांगा लीगची मॅच, भर पावसात, आणि टेस्ट खेळून आलेली माणसं छत्र्यांच्या गराड्यात बॅटिंग करायची. माझे काका दादर युनियनवाले, त्यांनी शिवाजी पार्कात राहणाऱ्या मुलीचं स्थळ याच कारणासाठी नाकारलं असं घरात सांगतात. (खरं कारण हुंडा होता असंही सांगतात.)

टेंभीनाक्याचा_थर | 8:25

आणि गोविंदा पथकं? जय जवान आणि माझगाव ताडवाडी यांचे नऊ थर लागतात तेव्हा टेंभी नाक्यावर उभं राहून दाखवा, कोलकाता विसराल.

पाचपाखाडीचा_पंच | 8:40

थर, फरक आहे. दहीहंडीत दोघंही वर बघतात. डर्बीत एकमेकांकडे बघतात. त्यात जीवही गेलेत. 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्सवर याच दोघांची मॅच, गॅलरीत हाणामारी, चेंगराचेंगरी आणि सोळा माणसं मेली. तिथे दर वर्षी त्या दिवशी रक्तदान करतात. परवाच आहे तो दिवस.

हिरानंदानी_हेझार्ड | 9:05

ओके हे माहीत नव्हतं. सॉरी, माझा टोन चुकला. बट जेन्युइनली विचारतो, स्टेडियममध्ये बसून बघितलीय का कोणी इथे?

बदलीवाला | 9:50

मी बघितलीय. 13 जुलै 1997, फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक. त्या दिवसाचा आकडा लोक अजून सांगतात, 1,31,781. मी त्यातला एक. ऑफिसातल्या मोहन बागानवाल्या साहेबांनी तिकीट दिलं म्हणून त्यांच्या बाजूला बसलो, त्यामुळे त्या दिवसापुरता मोहन बागानचा.

मॅचच्या आधीचे पंधरा दिवस मॅचपेक्षा भारी होते. मोहन बागानचे कोच अमल दत्त, त्यांनी डायमंड सिस्टीम आणली होती, संघ सगळ्यांना धूत सुटला होता. समोर ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी. अमल दत्त पेपरवाल्यांसमोर ईस्ट बंगालच्या पोरांची टिंगल करायचे, बायचुंग भुतियाला 'चुंगचुंग' म्हणाले. पीकेंनी म्हणे ती कात्रणं पोरांना दाखवली, अजून काही बोललेच नाहीत.

निकाल 4-1, ईस्ट बंगाल. चुंगचुंगची हॅटट्रिक. मोहन बागानकडून चीमाचा एक गोल झाला तेव्हा आमची बाजू अशी उसळली की माझी चप्पल खाली कुठे गेली ती गेलीच. तिसऱ्या गोलनंतर साहेब बोलेनासे झाले. चौथ्यानंतर म्हणाले, "चला, पाऊस येईल." आकाश निरभ्र. मी एका पायात चप्पल घालून त्यांच्या मागे चाललो. दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई सगळ्या टेबलांवर संदेश (ती बंगाली मिठाई) ठेवत आला, साहेबांच्या टेबलावर दोन ठेवले. आणि बाजारात हिल्सा परवडेना. तिथे हे असंच, जो जिंकेल त्याचा मासा महागतो.

निवृत्त_लेफ्टआऊट | 10:15

दोन संदेश. व्वा.

नेरुळकरीण | गुरुवार, 15 ऑगस्ट, सकाळी 11:30

झेंडावंदन करून आले. अपडेट वाईट आहे. सासूबाई म्हणाल्या, "खा काय खायचं ते, पण श्रावणात माझ्या गॅसवर सोड्याचा वास येणार नाही." अपील नाही. त्या म्हणतात रविवार म्हणजे पुनवेचा आदला दिवस, मी नारळीभात करून देते तो घेऊन जा, गोडाला कोणी नाही म्हणत नाही.

सीकेपी_सुगरण | 11:41

हरले मी. सासूबाईंच्या डिफेन्सला गोष्ठ पाल म्हणायला हवं.

दिवाळ्याचा_नाखवा | 11:55

सासूबाई बरोबर आहेत. पुनवेला नारलच.

वाशीचा_बांगाल | शनिवार, 17 ऑगस्ट, संध्याकाळी 6:20

मॅच रद्द. आत्ताच आलं. आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणावरून तिकडे रोज मोर्चे चालू आहेत, 14 च्या रात्री तर बायका मध्यरात्री रस्त्यावर होत्या. डर्बीला पोलिस बंदोबस्त देता येणार नाही म्हणून रद्द. दोघांना एकेक पॉइंट.

सानपाडा_मरिनर | 6:28

बंदोबस्त हे कारण आहे. स्टेडियममध्ये दोन्ही गॅलऱ्यांतून त्या मुलीसाठी बॅनर लागणार होते हे सगळ्यांना माहीत होतं.

कोपरीकर | 6:40

विषय राजकीय होतोय, पण व्यवस्थापकांनी हे उडवू नये अशी विनंती.

व्यवस्थापक | 6:55

उडवत नाही. सांभाळून लिहा.

वाशीचा_बांगाल | रविवार, 18 ऑगस्ट, संध्याकाळी 7:05

कुणी बघताय का? सॉल्ट लेकच्या बाहेर दोन्हीकडचे लोक जमलेत. जमावबंदी लावूनसुद्धा. ईस्ट बंगालचे लाल-पिवळे, मोहन बागानचे हिरवे-मरून, मोहम्मडनचे काळे-पांढरे पण आहेत. लाठ्या चालल्या, लोकांना गाडीत घालतायत. एका मोहन बागानवाल्याच्या खांद्यावर ईस्ट बंगालवाला बसलाय असा फोटो फिरतोय. बाबांनी तो मला तीनदा पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

सानपाडा_मरिनर | 7:09

बघतोय. माझा मावसभाऊ आहे तिथे. फोन लागत नाहीये.

वाशीचा_बांगाल | 7:10

लागला की सांग. माझा नंबर आहे ना तुझ्याकडे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

मुंब्र्याचा_मिडफिल्डर | 7:32

काळे-पांढरे लिहिलंत त्याबद्दल आभार.

सानपाडा_मरिनर | रात्री 9:15

लागला. ठीक आहे. पाठीत एक बसलीय म्हणतो. घरी सोडायला ईस्ट बंगालवाला कोणी बाइकवरून आला, मावशीने त्याला जेवायला बसवलं.

नेरुळकरीण | सोमवार, 19 ऑगस्ट, सकाळी 10:05

सगळ्यांना नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा. रात्री लिहायला जमलं नाही.

मला वाटलं मॅच रद्द म्हणजे बोलावणं पण रद्द, पण बौदीचा फोन आला की टीव्ही चालू आहे, या. गेलो. टीव्हीवर बातम्याच होत्या. पोरी सुरुवातीला मागे लागल्या होत्या की जुनी मॅच लावा, मग त्यापण येऊन बसल्या. माझी लेक 2022 ला डीवाय पाटीलला अंडर-17 मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल बघून आली होती, तिथून तिचं फुटबॉल सुरू झालं, तिला एवढंच माहीत होतं की मॅच म्हणजे आत जाऊन बघायची. लोक गेटबाहेर मार का खातायत ते तिने विचारलं आणि दादांनी तिला सांगितलं. नीट, काही न लपवता, पण तिच्या वयाला झेपेल असं. मला जमलं नसतं. दोघं नवरा-बायको एकाच सोफ्यावर होती. ते लेकीने घरी आल्यावर मला सांगितलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जेवायला बौदीने डाळ, बेगुन भाजा (वांग्याचे काप) आणि अंड्याचं कालवण केलं होतं. मासा कुठलाच नाही. सासूबाईंचा नारळीभात सगळ्यांनी दोनदा घेतला. निघताना दादा दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "भात हलुद होता. आईंना सांगा, लक्षात आलं माझ्या." हलुद म्हणजे पिवळा. केशर घातलं होतं हो, दुसरं काय! मागून बौदी ओरडली, "त्यात लाल कुठे होतं?"

वाशीचा_बांगाल | 10:12

लवंगा लाल समजायच्या. आम्ही घेतला तो भात.

सानपाडा_मरिनर | 10:14

लवंग मरून असते. नीट बघ.

सीकेपी_सुगरण | 10:30

ते सोडे अजून डब्यातच आहेत ना?

नेरुळकरीण | 10:33

आहेत. आयएसएलची डर्बी श्रावणानंतर आहे. सासूबाईंना विचारून झालंय.